सत्त्याहत्तर

नेविआ गेली तेव्हा भाच्यानं तिचं टेबल नेलं,
दोन खुर्च्या नेल्या, शिलाईचं मशीन नेलं.
मला दिला रबर लावलेला पत्त्यांचा कॅट.
"मावशी म्हणायची, समोरच्या ओंदीनाला द्या,
तिला उगाचच्या काळज्या फार."

तीस वर्षं मी त्रिएस्तेच्या बंदरावर, गोदामात
कॉफीचे दाणे निवडले.
काळा, फुटका, आंबलेला,
डोळ्यांआधी बोटांना कळायचं.
पत्त्यांचं तसं नाही.
पत्ते माझ्याकडे बघत राहिले
टपाल कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईसारखे:
काय हवंय, ते आधी ठरवून या.

शिकवायला कुणी नव्हतं.
नेविआची किराण्याच्या हिशेबाची वही होती,
तिच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं:
रोज एकच पत्ता काढ.
अर्थ लावायला धावू नकोस.
आधी बघ, चित्रातला माणूस कुठे बघतोय.
मासे तळताना काढू नकोस, डाग पडतात.

मी तसंच केलं. सकाळी कॉफी वर येईपर्यंत
एक पत्ता.
सोमवारी पेल्यांची राणी. तिचा पेला झाकलेला,
म्हणजे आत काय आहे ते तीच जाणे.
गुरुवारी तारा: नदीकाठी एक उघडी बाई
दोन घागरी ओतत बसलेली.
वहीत लिहिलं, नळ गळतोय, प्लंबरला सांगणे.
हसू नका. खरंच गळत होता.

भीती एकाच पत्त्याची.
वहीत बाराव्यापुढे एक ओळ होती,
चौदाव्यापुढे दोन,
तेराव्यापुढे काही नाही.
पण एवढं तर कुणालाही ठाऊक असतं:
हाडांचा सापळा, हातात कोयता, आणि खाली
त्याचं नावसुद्धा छापलेलं नाही.
आतल्या खोलीत ब्रूनो खोकत होता,
फेब्रुवारीपासून.

अकरा आठवडे तेरावा आला नाही.
आधी सुटल्यासारखं वाटलं.
मग माज चढला. पाववाल्या मिरेल्लाला म्हणाले,
माझा हात शुभ आहे गं.

मग एका दुपारी बोरा सुटला, आमचा तो डोंगरावरचा वारा,
म्हाताऱ्यांना रस्त्यात दोरी धरायला लावणारा.
खिडकीचा खिट्टा तुटला
आणि स्वयंपाकघरभर राजे, तलवारी, चंद्र.
एक सम्राट ब्रूनोच्या बुटात सापडला.
गोळा केले. मोजले. सत्त्याहत्तर.
पुन्हा मोजले. कपाटाखाली झाडू घातला.
शेवटी जमिनीवर क्रमानं मांडले:
दहा, अकरा, बारा, चौदा.

अकरा आठवडे मी घाबरले
ते घरात नसलेल्याला.

रविवारी बस पकडून मुज्जाला गेले.
ड्यूलिओनं दार उघडलं, तोंडात घास.
मी नमस्कार-चमत्कार न करता गुडघ्यांवर बसले
आणि टेबलाच्या डाव्या पायाखालून
चार घड्यांचा कागद ओढून काढला.
सूप सांडलं.
"अहो, ते डुगडुगतं, म्हणून मावशीनं कधीतरी…"

त्याच टेबलावर मी कितीदा बीन्सचं सूप प्यायले,
कोपरं टेकून, नेविआशी भांडत,
आणि खाली तो,
आम्हा दोघींचं वजन धरून.

टेबलाला मी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा लावून दिला.
पत्ता उघडून इस्त्रीखाली ठेवला, डिक्शनरीखाली ठेवला.
घड्या जात नाहीत.
आता पिसताना तो कुठे आहे, बोटांना लगेच कळतं,
एक फुगीर दाणा ढिगात.
मुद्दाम काढत नाही. मुद्दाम टाळतही नाही,
निदान प्रयत्न तरी करते:
पिसताना मिरेल्लाच्या दुकानाची पाटी वाचत राहते
आणि बोटांना सांगते, आता तुम्ही गप्प.

आतून खोकला येतो. मग पाणी मागणं. मग,
"आज काय आलं?"
"सोट्यांचा तिय्या."
"म्हणजे काय?"
"थांब रे," मी म्हणते, "अजून शिकतेय."